कोपराचे दुखणे आणि रक्तातील बिंबाणू

झाशी म्हटले की मराठी माणसाच्या मनापुढे उभा राहतो तो तलवार उगारलेला एक हात. ह्याच नगरीत पुढे हॉकीची काठी लीलया फिरविणारे ध्यानचंदांचे मनगट घडले. परंतु झाशीचा रोजचा संसार चालतो तो मात्र अनाम हातांवर. रेल्वेच्या वाघिणी दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारखान्यात पाना फिरविणारे हात, जिल्ह्यातील राणीपूरच्या मागांवर राबणारे विणकरांचे हात, आणि नेवाळकरांच्या अमदानीपासून तेथे स्थायिक झालेल्या मराठी घरांत पोळ्या लाटणारे, धुणे पिळणारे हात. अशा राबत्या हाताला चाळिशीच्या सुमारास एक चमत्कारिक दुखणे गाठू शकते. कोपराच्या बाहेरच्या अंगाला कळ येते. पाण्याचा तांब्या उचलताना, दाराची मूठ फिरविताना ती थेट मनगटापर्यंत जाते. हात दिसावयास धडधाकट असतो. सूज नसते, जखम नसते. आणि तरीही मुठीतला जोर नाहीसा झालेला असतो. ज्याची रोजी मुठीवर अवलंबून, त्याला ह्या दुखण्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

ह्यालाच टेनिस एल्बो म्हणतात. नाव खेळाचे असले, तरी बहुसंख्य रुग्णांनी टेनिसची रॅकेट कधी हाती धरलेलीही नसते. रुंगे नावाच्या जर्मन वैद्याने १८७३ साली ह्या व्याधीचे वर्णन केले, ते लेखणी चालविणाऱ्यांच्या संदर्भात. दहा वर्षांनी, १८८३ मध्ये, इंग्लंडमधील एका वैद्यकीय नियतकालिकाने तिचा संबंध लॉन टेनिसशी जोडला आणि तेच नाव रूढ झाले. प्रौढांपैकी शंभरात एक ते तीन जणांना ही पीडा होते; त्यांत पस्तीस ते पंचावन्न वयाचे लोक अधिक असतात.

हे दुखणे नेमके कोठे असते? मनगट मागे उचलणारे स्नायू एका बळकट कंडरेने दंडाच्या हाडाच्या बाहेरील उंचवट्याला जोडलेले असतात. कोणतीही वस्तू घट्ट धरावयाची म्हटली, की मनगट स्थिर ठेवण्याचा भार ह्या कंडरेवर पडतो. तोच ताण वारंवार पडत राहिला म्हणजे तिचे तंतू झिजतात, आणि वाढत्या वयात त्यांची डागडुजी पुरती होत नाही. पुष्कळ काळ हा दाहाचा विकार मानला जाई. पण १९७९ साली अमेरिकेतील निर्शल आणि पेट्रोन ह्या शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींची तपासणी प्रसिद्ध केली. दाहाच्या पेशींऐवजी त्यांना तेथे विस्कटलेले तंतू आणि अपरिपक्व रक्तवाहिन्यांची वाढ आढळली. म्हणजे हा पेटलेला निखारा नव्हे. ही अर्धवट राहिलेली दुरुस्ती आहे.

हा भेद ध्यानात घेतला की स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचे कोडे उलगडते. हे इंजेक्शन दाह शमविते आणि वेदना झपाट्याने उतरविते; म्हणूनच ते लोकप्रिय झाले. २००६ साली ऑस्ट्रेलियात १९८ रुग्णांचे तीन गट करून एक पाहणी झाली. एका गटाला इंजेक्शन दिले, दुसऱ्याला व्यायामोपचार दिले, तिसऱ्याला केवळ सल्ला देऊन वाट पाहण्यास सांगितले. सहा आठवड्यांनी इंजेक्शनचा गट सर्वांच्या पुढे होता. वर्षअखेर तोच सर्वांच्या मागे पडला. त्यांपैकी अनेकांचे दुखणे उलटले होते. उलट, ज्यांनी नुसती वाट पाहिली त्यांतले बहुतेक बरे झाले होते.

ह्या व्याधीचे नाव भारताच्या घराघरात पोहोचले ते २००४ साली, सचिन तेंडुलकर ह्यांच्या डाव्या कोपरामुळे. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचा डावा हात बॅटीच्या मुठीवर वरच्या बाजूस असतो, आणि तेंडुलकरांची बॅट वजनदार म्हणून प्रसिद्ध होती. मे २००५ मध्ये लंडन येथे त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढून ते परतले आणि डिसेंबरात दिल्लीस त्यांनी पस्तिसावे कसोटी शतक झळकविले.

त्यानंतर वर्षभरातच, २००६ साली, अमेरिकेतील मिश्रा आणि पाव्हेल्को ह्यांनी एक निराळा उपचार मांडला. ज्यांचा जुनाट टेनिस एल्बो इतर उपायांनी बरा झाला नव्हता, अशा मोजक्या रुग्णांच्या कोपरात त्यांनी त्यांच्याच रक्तातील प्लेटलेट टोचल्या. प्लेटलेट, म्हणजेच बिंबाणू, हे रक्तातील अतिसूक्ष्म कण. इटलीच्या बिझ्झोझेरो ह्यांनी १८८२ मध्ये त्यांचे कार्य ओळखले. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात ते दीड ते साडेचार लाख असतात. जखम होताच ते तेथे गोळा होऊन रक्त थांबवितात. परंतु त्यांचे काम एवढ्यावर संपत नाही. त्यांच्या पोटातील कणिकांमधून वृद्धिकारक प्रथिने स्रवतात आणि ती दुरुस्ती करणाऱ्या पेशींना पाचारण करतात. तेव्हा अडलेल्या दुरुस्तीच्या जागी हे दूतच थेट नेऊन सोडले तर?

कृती अवघड नाही. रुग्णाच्या शिरेतून वीस ते साठ मिलिलीटर रक्त घेतात, ते गोठू नये म्हणून त्यात औषध मिसळतात आणि यंत्रात वेगाने गरगर फिरवितात. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, पिवळसर रक्तद्रव वर राहतो. त्यातला बिंबाणूंनी समृद्ध असा दोन-तीन मिलिलीटर भाग वेगळा काढून सुईने कंडरेत ठिकठिकाणी सोडतात. ह्यालाच प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, संक्षेपाने पीआरपी, म्हणतात. रक्त स्वतःचेच असल्याने शरीर ते झिडकारील अशी भीती नसते; काही दिवस ठणका मात्र वाढतो.

कल्पना मोहक आहे. पण वैद्यकात मोहक कल्पनेलाही परीक्षेस बसावे लागते. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये शंभर रुग्णांवर पीआरपी आणि स्टेरॉइड ह्यांची तुलना झाली. वर्षानंतर पीआरपीच्या गटातील ७३ टक्के रुग्णांची वेदना ठरावीक प्रमाणात उतरली होती. स्टेरॉइडच्या गटात हे प्रमाण ४९ टक्के होते. हा निकाल जगभर गाजला. परंतु येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. स्टेरॉइडने रुग्ण वर्षाअखेरीस मागे पडतो, हे तर आधीच दिसले होते. मग मागे पडणाऱ्या गड्याशी शर्यत जिंकली, एवढ्यावरून धावणाऱ्याचा वेग कसा ठरावा?

खरी कसोटी साध्या उपचाराशी. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत २३० रुग्णांना घेतले होते. चोवीस आठवड्यांनी पीआरपीचे यश सुमारे ८४ टक्के भरले. पण ज्यांच्या कंडरेला पीआरपीवाचून नुसती सुई टोचली होती, त्यांच्यातही ते ६८ टक्के होते. शिवाय चोवीस आठवड्यांच्या हिशेबात ११९ रुग्णच उरले होते. डेन्मार्कमध्ये २०१३ साली साठ रुग्णांवर मिठाच्या पाण्याशी तुलना झाली, तेव्हा तीन महिन्यांनी वेदनेत उल्लेखनीय अंतर दिसले नाही. कॉक्रेन ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये बत्तीस पाहण्यांचा एकत्र विचार केला. तिचा निष्कर्ष असा की, रुग्णाला जाणवेल असा फायदा ह्या इंजेक्शनांपासून बहुधा होत नाही.

शस्त्रक्रियेचीही तीच गत. २०१८ साली सिडनीतील एका छोट्या पाहणीत निम्म्या रुग्णांची खरी शस्त्रक्रिया झाली आणि उरलेल्यांना केवळ वरवरचा छेद दिला गेला. पुढे दोन्ही गट सारखेच सुधारले. एखाद्या श्रेष्ठ खेळाडूच्या पुनरागमनावरून सर्वांसाठी नियम बांधता येत नाही, तो ह्यामुळेच.

मग रुग्णाने करावे तरी काय? ह्या दुखण्याचा मोठा वैद्य म्हणजे काळ. दहांपैकी आठ-नऊ रुग्ण वर्ष-दीड वर्षात बरे होतात. तोवर हात पूर्ण थांबविण्याचे कारण नाही. काम करण्याची रीत बदलावी. वस्तू उचलताना तळहात वरच्या दिशेला ठेवावा, हत्यारांच्या बारीक मुठी जाड कराव्यात, आणि कोपराखाली पट्टा बांधून सुसह्य वाटत असेल तर तो बांधावा. मनगटाचे हलके वजनी व्यायाम सावकाश वाढवीत न्यावेत. सहा महिने, वर्ष उलटूनही कळ हटत नसेल तर पीआरपीचा विचार अवश्य व्हावा. परंतु घरातले किडूकमिडूक मोडून त्याचा खर्च करण्यापूर्वी प्रत्येकाने वैद्याला एवढे विचारावे, की ह्याने मिळणारा आराम नुसत्या सुईच्या आणि काळाच्या आरामाहून किती अधिक असेल? प्रामाणिक वैद्य ह्या प्रश्नाने रागावत नाही. आणि कारखान्यातल्या मुकादमाने किंवा घरातल्या माणसांनी त्या हाताचा भार काही महिने वाटून घेतला, तर पुष्कळ वेळा त्या इंजेक्शनाची पाळीच येणार नाही.