मशीनसोबत वाजणारे त्रिलोक गुर्टू

मलकापूरकडच्या वरातीत बेंजो पार्टीचा ऑक्टोपॅड आणि ढोल एकत्र वाजतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. जॅझवाल्यानं इलेक्ट्रॉनिक संगीताला हात लावला की मात्र ‘मशीन आलं, उपज संपली’ अशी ओरड होते. तालवादक त्रिलोक गुर्टूंपुढे ती टिकत नाही. ठुमरीगायिका शोभा गुर्टूंचे हे चिरंजीव, जन्म १९५१, मुंबई. डॉन चेरी, जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्याबरोबर जॅझ गाजवल्यावर २००४ मध्ये त्यांनी ‘चिल्ड्रन’ या ट्रॅकमुळे गाजलेल्या रॉबर्ट माइल्ससोबत ‘माइल्स गुर्टू’ हा अल्बम केला. मशीनची लय ताठ असते, हे खरंच. पण तबल्याच्या सोलोतला लेहराही, म्हणजे साथीची धून, तोच तो फिरत राहतो. तो पक्का असतो म्हणूनच वादकाला आडलयीत शिरून, तिहाई घेऊन समेवर येता येतं.

मग सगळेच आवाज सँपल करून का वाजवू नयेत? त्रिलोक घणघणणारी झांज पाण्याच्या बादलीत बुडवतात, तेव्हा तिचा स्वर वाकतो. किती बुडवली, केव्हा उचलली, यावर तो दर वेळी बदलतो आणि पुढचा ठोका तो ऐकूनच पडतो. साठवलेला तुकडा असं ऐकत नाही. नव्यानं ऐकणाऱ्यांनी आधी त्यांचा ‘उस्फ्रेट’ हा अल्बम लावावा. त्यात शोभाताईंचा आवाजही आहे.