पाषाण, सावली आणि सैल पडलेले अवधान

मनाची शांतता हा स्वभावाचा, संस्काराचा किंवा साधनेचा विषय मानण्याची आपली जुनी रीत आहे, आणि ती चुकीची नाही; परंतु गेल्या चार-पाच दशकांत मानसशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांनी मिळून असे दाखवून दिले आहे की शांतता ही शरीराची एक मोजता येणारी अवस्थाही आहे. नाडीची गती, श्वासाची लय, त्वचेचे तापमान, कानावर पडणाऱ्या आवाजाची पातळी आणि अवधानावरचा ताण या गोष्टींशी तिचा थेट संबंध असतो, आणि या साऱ्या गोष्टी माणूस कोणत्या जागी, किती वेळ व कशा प्रकारे बसतो यावर बऱ्याच अंशी ठरतात. म्हणूनच शांततेसाठी गाव सोडून थंड हवेच्या ठिकाणी जावे लागते ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे, आणि ती तपासण्यासाठी सिन्नरसारखे कामकरी शहर फार योग्य ठरते.

सिन्नर हे पर्यटकांसाठी वसलेले शहर नव्हे. नाशिक-पुणे महामार्गावरची वाहतूक, शिर्डीकडे जाणारा भाविकांचा ओघ, मुसळगाव आणि माळेगाव या दोन औद्योगिक वसाहतींतील पाळ्यांचे भोंगे, घराघरांत चालणारा विड्या वळण्याचा जुना धंदा आणि तालुक्यातूनच गेलेला समृद्धी महामार्ग अशा चहूबाजूंच्या धावपळीत ते उभे आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने, म्हणजे पावसाळी वारे घाटमाथ्यावर रिते होऊन पुढे येत असल्याने, तालुक्याच्या पूर्व भागाला अवर्षणाची सवय आहे. या शहराच्या कडेला यादवकाळातले, साधारण १२व्या शतकातले गोंदेश्वराचे मंदिर आहे. मध्यभागी शिवाचे मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांना सूर्य, विष्णू, पार्वती व गणपती यांची लहान देवळे अशा या रचनेला पंचायतन म्हणतात. कलेच्या इतिहासात या मंदिरावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विचार करायचा आहे तो त्याच्या आवारात टेकलेल्या माणसाच्या शरीरात काय घडते याचा.

त्यासाठी प्रथम अवधान म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली अवधानाचे दोन प्रकार सांगितले होते: एक प्रयत्नपूर्वक लावलेले आणि दुसरे आपोआप लागणारे. यंत्रावरचा आकडा वाचणे, हिशेब तपासणे, गर्दीच्या चौकात दुचाकी चालवणे ही पहिल्या प्रकारची कामे होत, कारण त्यांत एका गोष्टीकडे लक्ष देताना भोवतीच्या दहा गोष्टी मेंदूला सतत मागे ढकलाव्या लागतात. स्टीफन आणि रेचेल कॅप्लन या दांपत्याने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की ही मागे ढकलण्याची क्षमता वापराने थकते, आणि ती थकली की माणूस चिडचिडा होतो, त्याच्या हातून चुका होतात, साधा निर्णयही त्याला जड जातो. ही क्षमता परत भरून यायची असेल तर अवधानाला काही काळ अशा गोष्टींवर टेकू द्यावे लागते ज्या डोळ्यांना हलकेच खेचून घेतात, पण मनाला जखडून ठेवत नाहीत. पानांची सळसळ, ढगांचे सरकणे, पाण्यावरच्या लहरी यांसारख्या गोष्टींच्या या गुणाला त्यांनी दिलेले नाव मराठीत ‘मृदू आकर्षण’ असे सांगता येईल. दूरचित्रवाणीवरचा सामना किंवा मोबाइलवर एकामागून एक सरकणाऱ्या चित्रफिती हेही लक्ष खेचतात, मात्र ते आकर्षण इतके कठोर असते की विचारांना हातपाय पसरायला जागाच उरत नाही.

या कल्पनेची एक महत्त्वाची चाचणी मार्क बर्मन, जॉन जोनिडेस आणि स्टीफन कॅप्लन यांनी २००८ साली प्रसिद्ध केली. तीत विद्यार्थ्यांना सुमारे ५० मिनिटे एकदा वृक्षोद्यानातून आणि एकदा शहरातल्या रहदारीच्या रस्त्यावरून चालायला सांगितले, आणि चालण्याच्या आधी व नंतर त्यांना ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणायला लावले. वृक्षोद्यानातून आल्यावर ही कामगिरी स्पष्टपणे सुधारली, रहदारीतून आल्यावर तशी सुधारली नाही. त्यातली अधिक विचार करण्याजोगी बाब अशी की कडाक्याच्या थंडीत फिरायला गेलेल्यांना ते चालणे फारसे आवडले नव्हते, तरीही त्यांच्या अवधानाला लाभ झालाच. विश्रांती आणि मजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली मिळण्यासाठी दुसरी असलीच पाहिजे असे नाही, हे या प्रयोगाने पुढे आणले.

आता गोंदेश्वराच्या शिखराकडे पाहावे. ते ‘भूमिज’ पद्धतीचे आहे. या पद्धतीत शिखराच्या चार मुख्य बाजूंवर तळापासून माथ्यापर्यंत चार उभ्या पट्ट्या चढत जातात, त्यांना लता म्हणतात, आणि दोन लतांच्या मधल्या भागात छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकीवर एक रचलेल्या असतात. ही शिखरे वर जाताना क्रमाने लहान होतात. म्हणजे संपूर्ण आकाराची आवृत्ती त्याच्या भागांत दिसते. मोठ्या आकारातच त्याची लहान रूपे सापडण्याच्या या गुणाला गणितात स्वसाम्य म्हणतात, आणि तो गुण असणाऱ्या आकृत्यांना बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९७५ साली ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले. झाडाची फांदी, नदीचे फाटे, ढगांच्या कडा हे निसर्गातले फ्रॅक्टल होत. मंदिराचे शिखर काटेकोर गणिती अर्थाने त्या वर्गात बसत नाही, कारण त्यातली आवृत्ती काही पायऱ्यांवर थांबते. तरी नजरेला मिळणारा अनुभव त्याच जातीचा आहे. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत, मध्यम गुंतागुंतीच्या फ्रॅक्टल आकृत्या पाहताना बहुतेकांना त्या अधिक आवडल्या आणि शरीरातला ताण मोजणाऱ्या निदर्शकांतही उतार दिसला. त्यांचा तर्क असा की डोळ्यांची हालचाल आणि दृष्टिकेंद्रांची घडण अशाच निसर्गात लाखो वर्षे झालेली असल्याने अशा आकृतींचा अर्थ लावायला मेंदूला कमी श्रम पडतात. सिमेंटच्या सपाट भिंतीवर नजर फिरवायला काही नसते आणि जाहिरात-फलकांनी भरलेल्या चौकात नजरेला टेकायला जागा नसते. भूमिज शिखर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभे आहे, आणि तेथे बसलेला माणूस काहीही न ठरवता बराच वेळ वर पाहत राहतो याचे कारण शोधायचे तर ते येथे शोधता येते.

मात्र नुसत्या नजरेने शांतता पुरी होत नाही. चैत्र-वैशाखात जिथे जमीन तापलेली असते तिथे सुखाचा पहिला प्रश्न उष्णतेचा असतो. गोंदेश्वर उभे आहे ते काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टात, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले त्याच खडकात. (त्या लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांनी मागे ठेवलेल्या पोकळ्यांत पुढे स्फटिक वाढले, माळेगाव औद्योगिक वसाहतीतील ‘गारगोटी’ संग्रहालयात झिओलाइट गटातले असे स्फटिक पाहायला मिळतात, आणि घडीव काळ्या दगडाचे हे दुसरे रूप सिन्नरकरांनी एकदा तरी निवांत पाहावे इतके सुंदर आहे.) बेसाल्ट जड आणि घट्ट असतो. दिवसाच्या उन्हाची लाट त्यात हळूहळू शिरते आणि शिरताना क्षीण होत जाते. खडकाच्या उष्णतावाहकतेवरून हिशेब केला तर पृष्ठभागापासून साधारण १५ सेंटीमीटर खोलीवर दिवस-रात्रीच्या चढउताराचा सुमारे ३७ टक्के भाग उरतो आणि ४५ सेंटीमीटरवर जेमतेम विसावा हिस्सा. शिवाय ही लाट उशिरा पोहोचते: दुपारी दोनला बाहेर तापलेल्या दगडाची ऊब दीड फूट आतल्या बाजूला मध्यरात्र उलटून गेल्यावर जाणवते, तोवर बाहेरची हवा निवलेली असते. म्हणून जाड भिंतींच्या सभामंडपात भर दुपारी गारवा लागतो.

या गारव्यात हवेच्या तापमानापेक्षा प्रारणाचा वाटा महत्त्वाचा आहे. प्रारण म्हणजे मध्ये हवा तापवल्याशिवाय एका पृष्ठभागाकडून दुसऱ्याकडे जाणारी उष्णता. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग असा जातो. माणसाची त्वचा साधारण ३३ ते ३४ अंश सेल्सियस असते. भोवतालचे दगड त्याहून थंड असतील तर शरीर आपली उष्णता त्यांना देत राहते, घाम कमी येतो, हृदयाला त्वचेकडे जादा रक्त पाठवावे लागत नाही आणि नाडी सावकाश होते. तापलेल्या पत्र्याखाली पंखा लावून बसल्यावर हे सुख का मिळत नाही, याचे उत्तर याच हिशेबात आहे.

तिसरी गोष्ट आवाजाची. ध्वनी मोजण्याचे एकक डेसिबल असून त्याची पट्टी गुणाकाराची आहे, म्हणजे १० डेसिबलांची वाढ झाली की ध्वनीची ऊर्जा दसपट होते. २००० सालच्या केंद्रीय नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबल ही मर्यादा आहे. महामार्गावरून सतत वाहणाऱ्या वाहनांचा आवाज अंतर दुप्पट झाले की सुमारे ३ डेसिबलांनी उतरतो. रस्त्यापासून १० मीटरवरचा आवाज ६४० मीटरवर पोहोचेपर्यंत अंतर सहा वेळा दुप्पट झालेले असते आणि १८ डेसिबल गळालेले असतात. मध्ये डोळ्यांसमोरून रस्ता झाकणारी भक्कम भिंत आली तर आणखी ५ च्या आसपास कमी होतात. जुन्या देवळांभोवतीचा प्राकार, म्हणजे आवाराची दगडी भिंत, या दृष्टीने आजही कामाला येते. इटलीतील हृदयविज्ञानाचे अभ्यासक लुचानो बेर्नार्दी यांनी २००६ साली निरनिराळ्या संगीताचा रक्तदाब व श्वासावर होणारा परिणाम मोजला, तेव्हा त्यांना असे आढळले की सर्वांत अधिक स्वस्थता संगीताच्या मध्ये मुद्दाम ठेवलेल्या दोन मिनिटांच्या निःशब्द अवकाशात येत होती. उत्सवात ध्वनिवर्धकाचा आवाज चढवणाऱ्यांनी हे लक्षात घेतले तर भक्तीचे काहीच उणे होणार नाही.

याच बेर्नार्दींचा त्याआधीचा, २००१ सालचा एक अभ्यास महाराष्ट्राच्या परंपरेशी अधिकच जवळचा आहे. लॅटिन भाषेतली जपमाळेची प्रार्थना आणि बौद्ध मंत्र या दोन्ही गोष्टी म्हणताना माणसाचा श्वास मिनिटाला सुमारे सहा इतका संथ होतो, असे त्यांनी २३ निरोगी व्यक्तींवर दाखवले. रक्तदाब समतोल ठेवणाऱ्या शरीरातील यंत्रणेची स्वतःची एक लय सुमारे दहा सेकंदांची असते. श्वासही त्याच गतीने चालू लागला की दोन्ही लयी जुळतात आणि रक्तदाबातील चढउतार सावरण्याची हृदयाची क्षमता वाढते. लांब ओळ एका दमात म्हणायची, मग श्वास घ्यायचा आणि पुढची ओळ सर्वांनी मिळून उचलायची ही हरिपाठाची रीत त्याच दिशेची आहे. त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला निघणारी निवृत्तिनाथांची पालखी सिन्नर तालुक्यातूनच जाते, आणि संध्याकाळी देवळात हरिपाठ म्हणणे येथे कुणाला नव्याने शिकवावे लागत नाही.

साध्या सुखांचे शास्त्र मात्र याहून थोडे निराळे आहे, कारण सुखाला सवयीचा शाप असतो. रोज मिळणारी गोष्ट कितीही चांगली असली तरी तिचा आनंद ओसरत जातो. जॉर्डी क्वादबाक आणि एलिझाबेथ डन यांनी २०१३ साली केलेल्या प्रयोगात आठवडाभर चॉकलेट वर्ज्य केलेल्यांना ते पुन्हा खाताना इतरांपेक्षा अधिक आनंद झाला. सिन्नरमध्ये असा अंतराय ऋतूच घडवतो. आठ महिने कोरड्या गेलेल्या जमिनीवर मृगाची पहिली सर आली की येणाऱ्या वासाचा शास्त्रीय अभ्यास इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९६४ साली मांडला. या वासातला मातकट भाग जिओस्मिन या द्रव्याचा असतो. ते मुख्यतः मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू बनवतात, आणि माणसाच्या नाकाला ते हवेच्या एक लाख कोटी भागांत काही मोजके भाग असले तरी कळते. २०१५ साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेत वेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या चित्रणातून असे दिसले की सच्छिद्र मातीवर थेंब आदळताच त्याच्याखाली हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि वासाचे कण हवेत उडवतात. हे मुसळधार पावसापेक्षा हलक्या सरीत अधिक घडते. पहिल्या हलक्या सरीला वास दरवळतो आणि झोडपणाऱ्या पावसात तो हरवतो, हा शेतकऱ्यांचा नेहमीचा अनुभव असा स्पष्ट होतो.

या सुखांचा वाटा मात्र सर्वांना सारखा मिळत नाही, आणि विज्ञानलेखनाने ही बाब झाकू नये. मॅथ्यू व्हाइट यांच्या गटाने २०१९ साली इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून दाखवले की आठवड्याला एकूण किमान १२० मिनिटे निसर्गाच्या सान्निध्यात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य व समाधान अधिक चांगले असल्याचे सांगितले. ही मिनिटे एका दमात घालवली की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. म्हणजे दिवसाला सुमारे १७ मिनिटे. पहिल्या पाळीतून सुटलेल्या कामगाराला ती संध्याकाळी, दुसऱ्या पाळीच्या कामगाराला सकाळी देवळाच्या आवारात किंवा सरस्वती नदीच्या काठी काढता येतील, काठ मात्र बसण्याजोगा ठेवला पाहिजे. मांडीवर सूप घेऊन तेंदूच्या पानांत तंबाखू भरणाऱ्या, हजारी विड्यांवर मजुरी ठरलेल्या बाईला तेवढीही सवड नसते, कारण तिची पाळी सुटण्याची वेळच ठरलेली नाही; तिच्या कष्टांना ध्यानाचे नाव देणे अन्यायाचे होईल. तिच्या बाबतीत रॉजर उलरिच यांचा १९८४ सालचा अभ्यास उपयोगी पडतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती त्यांना, विटांची भिंत दिसणाऱ्या तितक्याच रुग्णांच्या मानाने, तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि ते लवकर घरी गेले. झाडाखाली जाता आले नाही तरी झाड नुसते दिसण्याचाही शरीराला उपयोग होतो. विडी कामगारांच्या वस्त्यांत दर चार-सहा उंबऱ्यांपुढे एक कडुनिंब किंवा करंज, कमी पाण्यावर तग धरणारा आणि उन्हाळ्यात सावली देणारा, ही मागणी नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात गटार आणि पथदिव्यांच्या शेजारी मांडण्याइतकी ठोस आहे.