हेरवाडच्या ठरावाचे बळ कशात आहे?

ग्रामपंचायतीचे ठराव म्हटले की गटारे, दिवाबत्ती, पाणीपट्टी आणि फार तर स्मशानभूमीचे शेड डोळ्यांपुढे येते. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी जो ठराव केला, तो स्मशानाशीच निगडित होता. पण त्याचा विषय शेडचा नव्हता. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, पायातील जोडवी काढणे या प्रथा गावात बंद करण्यात येत आहेत, असे त्यात म्हटले होते. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला तेव्हा दोनच दिवस उरले होते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात विधवाविवाहाचा कायदा केला होता, हे कोल्हापूरकरांना निराळे सांगावे लागत नाही.

या ठरावामागची प्रेरणा मात्र सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याहून आली. तेथील कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी आपल्या मृत्यूनंतर पत्नीवर हे विधी लादू नयेत, असे स्टँपपेपरवर लिहून दिले होते. ही कल्पना हेरवाडचे तत्कालीन सरपंच सुरगोंडा पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उचलली. राज्याच्या ग्रामविकास विभागाने १७ मे २०२२ रोजी परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरविण्यास सांगितले. सरकारी कामाचा वेग ठाऊक असणाऱ्यांना हे तेरा दिवस थोडे चकित करतील.

ठराव मोडला तर काय, हा प्रश्न शहरातील वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. उत्तर सरळ आहे : कायद्याने काहीच नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४५ आणि त्याच्या अनुसूचीनुसार समाजकल्याण व महिलांचे कल्याण हे विषय पंचायतीच्या कक्षेत येतात. पण एखाद्या घराने बांगड्या फोडल्या म्हणून दंड वसूल करण्याचा अधिकार तिला मिळत नाही. शासनाचे परिपत्रकही जनजागृतीच सांगते. उलट, ठराव न पाळणाऱ्या घराला गावाने वाळीत टाकले, तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा त्या गावालाच लागू होईल. ग्रामपंचायत आणि जातपंचायत यांच्यातील फरक येथे आहे, आणि तो पुसट होऊ देता कामा नये.

मग या कागदाला अर्थ काय? तो समजण्यासाठी प्रथा प्रत्यक्षात कशी चालते ते पाहावे लागते. बांगड्या फोडणारे हात बहुधा भावकीतल्या बायकांचेच असतात. त्यांतल्या कित्येकींना ते मनापासून नको असते. पण ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने कोणी पुढे होऊन थांबवत नाही. ज्या बाईचा नवरा तासाभरापूर्वी गेला, तिने त्या क्षणी नकार द्यावा ही अपेक्षा तर क्रूरच. ठरावाने हा नकाराचा भार तिच्या अंगावरून काढून गावाच्या अंगावर टाकला. ‘गावानेच ठरवले आहे’ हे उत्तर एखाद्या दिराला किंवा नणंदेला वडीलधाऱ्यांपुढे देता येते. दंडाच्या पावतीने हे साधले नसते. अलीकडे शिवीगाळ केल्यास ५०० रुपये दंडाचा ठराव करणाऱ्या नेवासा तालुक्यातील सौंदाळा गावाचे कौतुक झाले, तेही रास्तच. परंतु शोकाच्या घरात दंड घेऊन कोण जाणार?

ठरावाची मर्यादाही येथेच दिसते. कुंकू राहिले म्हणजे हक्क मिळाला असे होत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार १९५६ पासून विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे. तरीही सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागण्यासाठी तिला तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात, हे खेड्यात नवे नाही. सातबारा महसूल खात्याकडे असला, तरी घराची नोंद असलेला नमुना ८ ग्रामपंचायतीच्याच दप्तरात असतो. हेरवाडचा कित्ता गिरविणाऱ्या गावांनी पतीच्या मृत्यूची नोंद होताच त्या उताऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची प्रक्रिया आपणहून सुरू करावी. त्यासाठी नव्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.