लाइट कर्टन लावलाय, पण बोट वाचेल का?

दोन वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये मी प्रॉडक्शन काउंटर बसवायला गेलो होतो. काम सोपं होतं. पॉवर प्रेसच्या कंट्रोलरमधून सिग्नल घ्यायचा आणि किती स्ट्रोक झाले ते भिंतीवरच्या स्क्रीनवर दाखवायचं. सोबत लाइट कर्टनचा सिग्नलही जोडून घेतला. तीन आठवड्यांनी डेटा उघडला, तर स्ट्रोक हजारो आणि कर्टन अडल्याची नोंद शून्य.

हाताने जॉब भरायच्या प्रेसवर हे शक्यच नाही. दर स्ट्रोकला हात आत जातो, म्हणजे किरण दर वेळी अडायलाच हवेत. पॅनेल उघडलं, तर दोन टर्मिनलमध्ये वीतभर वायर जोडलेली. कर्टनवर हिरवा दिवा मस्त चालू होता, पण प्रेस त्याचं ऐकतच नव्हती.

कर्टन काम कसं करतो?

प्रेसच्या तोंडाशी दोन पट्ट्या समोरासमोर असतात. एकीतून इन्फ्रारेड किरण निघतात, दुसरी ते पकडते. स्लाइड खाली येत असताना मध्ये बोट आलं की किरण अडतो, सेफ्टी रिले क्लच सोडतो आणि ब्रेक लागतो. बोट ओळखण्यासाठी साधारण 14 मिलिमीटर रिझोल्यूशनचा कर्टन वापरतात.

पण ब्रेक लागायला वेळ लागतो आणि तेवढ्यात हात पुढे सरकतो. म्हणून कर्टन डायपासून किती लांब बसवायचा याचं गणित आहे. आयएसओ 13855 या मानकात जवळच्या अंतरासाठी हाताचा वेग सेकंदाला 2,000 मिलिमीटर धरतात. किरण अडल्यापासून स्लाइड पूर्ण थांबेपर्यंत 0.15 सेकंद लागत असतील, तर 2,000 × 0.15 = 300 मिलिमीटर. कर्टन किमान एवढा लांब हवा.

आता ब्रेकचं लायनिंग झिजलं आणि वेळ 0.20 सेकंदांवर गेला असं धरा. अंतर 400 मिलिमीटर हवं, पण कर्टन जुन्या जागीच, 300 वर. वायरिंग ठीक, दिवा हिरवा, तरी बोट जाऊ शकतं. म्हणून थांबण्याचा वेळ ठरावीक काळाने मोजायलाच लागतो.

आणखी एक गोष्ट. जुन्या पिन क्लच प्रेसमध्ये स्ट्रोक एकदा सुरू झाला की मध्येच थांबत नाही. तिथे कर्टन म्हणजे नुसती शोभा. तिथे बोट आत जाणारच नाही असा फिक्स गार्ड किंवा बंद डाय हाच उपाय.

वायर का टाकली?

ऑपरेटर काकांना विचारलं. ते म्हणाले, "सर, जॉब डायमध्ये चिकटतो. काढायला गेलो की मशीन बंद, मग सुपरवायझरला बोलवून रीसेट. टार्गेट कसं व्हायचं?"

ते टार्गेट भिंतीवर लाल अक्षरांत दिसत होतं, आणि तो स्क्रीन मीच लावलेला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मालकाला किती पडतं?

21 नोव्हेंबर 2025 पासून फॅक्टरीज ॲक्टच्या जागी नवा सुरक्षा कोड लागू झालाय. कर्तव्य न पाळल्यामुळे अपघात होऊन गंभीर इजा झाली, तर दंड 2 ते 4 लाख किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. मृत्यू झाला तर 5 लाखांच्या खाली नाही असा दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

भरपाई वेगळी. तर्जनी पूर्ण गेली तर कायद्याचा तक्ता कमाईच्या क्षमतेत 14 टक्के घट धरतो. वय 28, हिशेबाचं वेतन 15,000 आणि त्या वयाचा गुणक 211.79 घेतला, तर वेतनाच्या 60 टक्के × गुणक × 14 टक्के म्हणजे सुमारे 2 लाख 67 हजार रुपये. कामगार ईएसआयमध्ये असेल तर लाभ महामंडळ देतं. नोंदणीच केली नसेल तर सगळं मालकाच्या अंगावर येतं. शिवाय बंद पडलेली प्रेस, चुकलेला डिस्पॅच, कोर्टाच्या तारखा.

आणि बोट? ते कुठल्याच हिशेबात परत येत नाही.

मग करायचं काय?

वायर काढणं हे शेवटचं काम. ती टाकायची गरज का पडली ते आधी बघा. त्या शॉपमध्ये डायला एअर ब्लो लावला, म्हणजे जॉब चिकटायचा थांबला. ब्लँक ठेवायला मॅग्नेटिक चिमटा दिला. पॅनेलला कुलूप लागलं, किल्ली मेंटेनन्सकडे. टार्गेटही नव्याने ठरलं.

मी माझ्या बाजूने स्क्रीनवर दुसरा आकडा टाकला: कर्टन किती वेळा अडला. तो स्ट्रोकच्या मानाने फारच कमी झाला की मालकाच्या फोनवर मेसेज जातो. माझं सॉफ्टवेअर प्रेस थांबवत नाही आणि थांबवूही नये, ते काम सेफ्टी रिलेचंच. पण वायर पुन्हा पडली तर ते तीन आठवड्यांनी नाही, त्याच शिफ्टमध्ये कळतं.

तुमच्या शॉपमध्ये कर्टन असेल तर उद्या सकाळी शिफ्ट सुरू होण्याआधी एवढंच करा. जाणकार माणसाला उभं करून, स्लाइड खाली येताना लांब टेस्ट रॉडने किरण अडवा, हाताने नाही. स्लाइड जागच्या जागी थांबली नाही, तर त्या प्रेसवर कुणाला बसवू नका.