टाकीतला उजेड आणि बोअरचं पाणी

माशांच्या दुकानात दिव्याची चौकशी केली की पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा देऊ?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. आधी पाणी कुठलं ते बघा, मग वनस्पती ठरवा, मग दिवा. वॅटवरून दिवा वीज किती खातो एवढंच कळतं. ल्युमेन आपल्या डोळ्यांसाठी असतं, आणि आपला डोळा हिरव्या उजेडावर भाळतो. झाडाचा हिशेब निराळा. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण पानावर किती पडतात, ते 'पार' या मापाने मोजतात. भर दुपारच्या उन्हात हा आकडा २००० च्या घरात जातो. टाकीतल्या अनुबियास, जावा फर्नला मात्र तळाशी वीस-तीसही पुरतात. मराठवाड्याच्या उन्हाची सवय झालेल्या माणसाला हे पटता पटत नाही.

इतिहास थोडक्यात: पिवळा बल्ब गेला, ट्यूब आली, मग जपानच्या ताकाशी अमानो यांनी मेटल हॅलाइडखाली पाण्यातली अरण्यं उभी केली, आणि आता सगळीकडे एलईडी. निळ्या एलईडीसाठी २०१४ चं नोबेल मिळालेल्या तिघांतही एक अमानो आहेत, हिरोशी. दोघांचा नातेसंबंध काही नाही, पण माझ्या टाकीवर दोघांचेही उपकार आहेत.

आता माझ्या आवडीचं. शाळेतला प्रयोग आठवतो? चंचुपात्रात हायड्रिला, त्यावर नरसाळं, वर उपडी परीक्षानळी, आणि सगळं उन्हात. गावात ज्याला सरसकट शेवाळ म्हणतात, त्यातलाच हा हायड्रिला माझा प्रकाशमापक आहे. ताजी कापलेली काडी उलटी बुडवायची; कापल्या टोकातून ऑक्सिजनचे बुडबुडे माळेसारखे सुटतात. दिवा खाली आणला की वेग वाढतो. पण एक टप्पा असा येतो की दिवा आणखी जवळ नेला तरी माळ हलत नाही. त्यापुढचा उजेड झाडाच्या कामाचा नाही, शेवाळ्याच्या मेजवानीचा आहे. अशा वेळी पाण्यात खायच्या सोड्याची चिमूट टाका: दिवा तोच, तरी बुडबुड्यांची घाई सुरू. कमी पडत होता तो कार्बन!

किल्लारीच्या एका मित्राकडे हाच खेळ मांडला होता. भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या गावातलं घर, पाणी बोअरचं आणि चांगलंच जड. आरओच्या पाण्यात काडी जवळजवळ गप्प होती, बोअरच्या पाण्यात मात्र बोलकी. बेसाल्टातून मुरून आलेल्या त्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, आणि हायड्रिला, व्हॅलिसनेरिया त्यातूनच कार्बन ओढून घेतात. (बोअरचं पाणी रात्रभर ठेवून मगच प्रयोग करा; ताज्या पाण्यातली विरघळलेली हवा काचेवर, पानावर सगळीकडे बुडबुडे धरते आणि फसवते.) लालबुंद रोटाला मॅक्रान्ड्राला मऊ पाणी आणि मोकळा कार्बन डायऑक्साइड आवडतो. गॅसचं नळकांडं नसताना जड पाण्यात ती लावून वर प्रखर दिवा टांगणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

मंद उजेडाची माझी शिफारस आणखी एका कारणाने आहे. उजेड वाढला की वाढ, छाटणी, खत, पाणीबदल सगळंच वाढतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते दिवस पाहिलेल्या माणसाला दर आठवड्याला अर्धी टाकी उपसणं जड जातं. उपसलेलं पाणी कुंड्यांना घाला, ते उत्तम खत आहे.

तेव्हा दीड फूट उंचीच्या टाकीला ६५०० केल्विनचा, उजेड कमी-जास्त करता येणारा पांढरा एलईडी घ्या. जांभळा-गुलाबी नको, त्यात मासे आजारी दिसतात. सुरुवात अर्ध्या उजेडावर, दिवसाला सहा तास. काचेच्या झाकणावर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि उजेड अडवतो. झाकण काढून लिंबाने पुसा, नुसत्या फडक्याने तो निघत नाही. टायमर घ्याल तो आतल्या बॅटरीचा घ्या. फिरत्या चकतीचा स्वस्त टायमर वीज गेली की थांबतो, आणि भारनियमनाच्या आठवड्यानंतर टाकीतली सकाळ दुपारी चारला उजाडू लागते.