गजक धरून किती कॅलरी?

जिवाजीगंजातून एका ताईंचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांचा आहे, म्हणून तो आज घेतो.

ताईंचं वजन 74 किलो. 66 वर आणायचंय. दिवाळी झाल्यावर त्यांनी रोजची मर्यादा 1200 कॅलरींची ठरवली आणि काही आठवडे नेटाने पाळलीही. मग थंडी पडली, घरात मुरैन्याची तीळगुळाची गजक आली. एक तुकडा तोंडात टाकला आणि मोडलंच आता, म्हणून त्याच दिवशी सगळं सोडून दिलं. त्या विचारतात, “गजक कायमची बंद करू का?”

ताई, गजक राहू द्या. 1200 चा आकडा बंद करा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या तक्त्यात, बैठं काम करणाऱ्या 55 किलोच्या स्त्रीला रोज 1660 कॅलरी धरल्या आहेत. तुम्ही 74 किलोच्या, आणि मागता 1200! इतक्या उपासमारीत मन सारखं खाण्याभोवतीच फिरतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांतले काही जण पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे. त्यांना मिळत होत्या रोज सुमारे 1570 कॅलरी. पुरुष होते, चालणंही भरपूर होतं, तेव्हा आकडा जसाच्या तसा तुम्हाला लावायचा नाही. पण भुकेपुढे निर्धार किती टिकतो ते यातून कळतं.

मग आकडा ठरवायचा कसा? मी उलट बाजूने सुरुवात करतो. 66 किलोच्या ताई जन्मभर जेवढं खातील, तेवढं आजपासून खायचं. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली ‘लॅन्सेट’मध्ये यासाठी सोपा ठोकताळा दिला: कायमचा एक किलो उतरवायला रोजच्या खाण्यातून सुमारे 24 कॅलरी कायमच्या कमी करा. निम्मी घट साधारण वर्षात होते, जवळजवळ सगळी तीन वर्षांत. आठ किलोंसाठी रोज 190 कॅलरी झाल्या. ताईंच्या खाण्याच्या वहीत सध्या रोज सरासरी 1800 दिसतात, म्हणजे लक्ष्य 1610.

7700 कॅलरींना एक किलो, हा जुना हिशेब अजून सगळीकडे चालतो. त्याने याच 190 कॅलरींत वर्षाला नऊ किलो उतरायला हवेत. प्रत्यक्षात चार उतरतात, कारण शरीर हलकं होतं तसा त्याचा खर्चही घटतो. ज्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं, ते सातव्या-आठव्या महिन्यात स्वतःला दोष देत बसतात. याचं मला फार वाईट वाटतं.

आता गजक. मुरैन्याच्या गजकेला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आम्हाला तिची थोरवी आधीपासून ठाऊक होती. गुळाचा पाक आटवतात, मग खुंटीला अडकवून ओढत राहतात. ओढता ओढता तांबूस पाक पांढुरका होतो. त्यात भाजलेले तीळ घालून लाकडी हातोड्यांनी कुटतात. दाताखाली सुटणारे थर त्यातूनच येतात. तिळात जवळजवळ निम्मं तेल, वर गूळ. शंभर ग्रॅमला पावणेपाचशे कॅलरी सहज. घरच्या काट्यावर मी एक तुकडा ठेवला, तो 20 ग्रॅम भरला: 95 कॅलरी. दोन तुकडे म्हणजे 190. ताईंची दिवसाची सगळी बचत!

एवढं वाचून डबा वरच्या फळीवर ठेवू नका. गजकेचा मोसम किती? मोजून साठ दिवस धरू. रोज दोन तुकडे खाल्ले तर मोसमात 11,400 कॅलरी. त्या उरलेल्या 305 दिवसांवर वाटा: रोज 37. फोडणीतलं चमचाभर तेल 45 कॅलरींचं असतं. म्हणजे थंडीत 1800, एरवी सुमारे 1570, आणि वर्षाची सरासरी तीच 1610. या हिवाळ्यात काटा हलणार नाही, आणि हलू नये हेच आपण ठरवलेलं आहे. माझ्या मते आपल्याकडचं लक्ष्य वर्षाचंच असावं. ज्या आकड्यात संक्रांत बसत नाही तो आकडा चुकीचा.

एक अट मात्र पाळा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी, आणि गजकेआधीही, आपल्या डॉक्टरांशी बोला. बाकीच्यांनी या आठवड्यात आपल्या घरातला एक तुकडा तोलून त्याचं वजन वहीत लिहून ठेवावं.