यात्रेत न आलेले घोडे आणि ॲलिसन फेलिक्सची केस

परवा एका एम.ए.च्या विद्यार्थिनीने विचारलं, "ताई, ॲलिसन फेलिक्सवर प्रपोजल लिहू का? खेळाडू, मग आई, मग उद्योजक. विषय भारी आहे ना?" विषय भारी आहेच. पण भारी विषय म्हणजे संशोधनाचा प्रश्न नव्हे. कसं ते बघा.

आधी केस नीट मांडू. फेलिक्स ही अमेरिकेची धावपटू, ऑलिंपिकची 11 पदकं, त्यातली 7 सुवर्ण. 2017 च्या अखेरीस तिचा नाइकीशी असलेला करार संपला. नव्या कराराची बोलणी चालू असतानाच ती गरोदर राहिली. नोव्हेंबर 2018 मध्ये रक्तदाब धोकादायक वाढल्यामुळे (प्रीएक्लॅम्पसिया) 32 व्या आठवड्यातच सिझेरियन करावं लागलं. मे 2019 मध्ये तिने वर्तमानपत्रात जाहीर लिहिलं : कंपनीने आधीपेक्षा 70 टक्के कमी पैसे देऊ केले, आणि बाळंतपणाच्या आसपास कामगिरी घसरली तर शिक्षा होणार नाही, एवढं करारात लिहून द्यायला नकार दिला. तिच्या आधी ॲलिशिया मोंटान्यो बोलली होतीच. ऑगस्टमध्ये नाइकीने गरोदरपणाभोवतीच्या 18 महिन्यांत मानधन न कापण्याचं धोरण आणलं. 2021 मध्ये फेलिक्सने भावासोबत 'सेश' ही बुटांची कंपनी काढली आणि त्याच वर्षी टोकियोत स्वतःच्याच कंपनीचे बूट घालून धावली. गरोदरपणात पाऊल वाढलं तर नवा जोड फुकट, असं धोरण या कंपनीने आणलं. (मला ही गोष्ट पदकांपेक्षा जास्त आवडते.)

आता गडबड कुठे होते? आपल्या सारंगखेड्याची यात्रा घ्या. दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो. तिथले घोडे मोजून तुम्ही "घोडे किती उमदे असतात" असं लिहिलंत, तर चुकलात. लंगडा घोडा यात्रेत येतच नाही, तो घरीच राहतो. याला म्हणतात निवडीचा दोष. फेलिक्स आपल्यापर्यंत पोचली, कारण ती जिंकलेली होती. जिचा करार गुपचूप संपला, तिचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही.

दुसरी चूक याच्या उलटी. रिओ 2016 ला 4 गुणिले 100 रिले जिंकणाऱ्या चौघींपैकी टोरी बोवी 2023 मध्ये बाळंतपणातल्या गुंतागुंतीने गेली, वय 32. चौघींतल्या तिघी मेल्या किंवा मरता मरता वाचल्या, असं त्या चौघींपैकीच टियाना मॅडिसनने लिहिलं. वाचून अंगावर काटा येतो. पण चार जणींवरून दर काढता येत नाही. चार जणी फक्त प्रश्न उभा करतात. उत्तराला देशाची आकडेवारी लागते. तिथे कृष्णवर्णीय स्त्रियांचं मातामृत्यूचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे तिप्पट आहे. म्हणजे प्रश्न खराच होता. पण तो खरा ठरला आकडेवारीने, रिलेच्या टीमने नव्हे.

मग फेलिक्सची केस कशाला वापरायची? यंत्रणा दाखवायला. प्रायोजकाचा खेळाडू हा नोकर नसतो, करारावरचा माणूस असतो. काम थांबलं की पैसा थांबतो. आपल्याकडे 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व रजा 26 आठवड्यांची झाली, पण ती मिळायला आधी नोकरी दाखवावी लागते. आता आपल्याच भागातून ऊसतोडीला गुजरातेत जाणारं जोडपं आठवा. उचल आधीच घेतलेली, मजुरी टनावर. सातव्या महिन्यात तिने कोयता खाली ठेवला तर पैसे कोण देणार? दोघींच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण कराराचा सांगाडा ओळखीचा वाटतो की नाही? ही तुलना टिकते का, हे मात्र तपासावं लागेल. प्रपोजल इथून सुरू होतं.

खेळाकडेच राहायचं असेल तर जिल्हा पातळीवरच्या शालेय मैदानी स्पर्धांच्या जुन्या निकालपत्रिका मिळवा. 17 वर्षांखालील गटात दिसलेली मुलगी 19 वर्षांखालील गटात आहे का, बघा. नसेल तर भेटा. विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी आधी, मग भेट. आणि पहिल्याच भेटीत "लग्नामुळे सोडलं का?" असं विचारू नका, उत्तर तुम्हीच तिच्या तोंडात घातलंत असं होईल. "शेवटची शर्यत कुठली पळालात?" एवढंच विचारा, आणि गप्प बसा.